रिकामं खांड

माझ्या नवऱ्याने मरायला होकार दिला, हे मला सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी एका छापील कागदावर वाचायला मिळालं. कागद डॉ. रेहाना मुजावरांनी आणून दिला. त्यांनी तो आधीच वाचला होता, हे त्यांच्या चेहऱ्यावरून कळत होतं.

"मृणालताई, बसून वाचा," त्या म्हणाल्या.

मी उभ्यानेच वाचला. सात प्रश्न, समोर उत्तरं.

तुमचं नाव निशिकांत गोविंद सबनीस आहे का? हो.
आपण कुठे आहोत हे तुम्हाला कळतं का? हो.
तुमचं श्वासयंत्र बंद करावं, अशी तुमची इच्छा आहे का? हो.
ते बंद केल्यावर मागे फिरता येत नाही, हे समजतं का? हो.
ही उत्तरं तुमची स्वतःची आहेत का? हो.
पत्नीने तुमच्या शेजारी असावं असं वाटतं का? खिडकी.

सातवा प्रश्न होता, आणखी काही सांगायचं आहे का. त्याच्यासमोर काहीच नव्हतं.

तिसऱ्या उत्तराने मी हादरले हे खरंच, पण खोटं कशाला सांगू, मला झोंबलं ते सहावं. बावीस वर्षं संसार केला, दोन वर्षं याचं अंग पुसलं, कूस बदलली, आणि शेजारी कोण हवं असं विचारलं तर म्हणे खिडकी!

"शेवटचे दोन प्रश्न बंधनकारक नसतात, ताई," मुजावर म्हणाल्या. "माणूस थकलेला असतो, काहीबाही बोलतो. पहिली पाच उत्तरं मंगळवारच्या साक्षीशी जुळली आहेत. त्यामुळे..." त्यांनी घड्याळाकडे पाहिलं. "आज चार वाजता."

"मला त्याच्याशी बोलू द्या."

"त्यांच्या बोलण्याच्या यंत्राला सील लागलंय. होकार नोंदला गेला की लागतं. तुम्ही जवळ बसू शकता, हात धरू शकता. बोलणं नाही."

निशिकांत सातारच्या शाळेत चित्रकला शिकवायचा. चार वर्षांपूर्वी त्याच्या बोटांतून ब्रश निसटायला लागला. मग पाय गेले, मग जीभ गेली, आणि गेल्या वर्षी डोळ्यांची बुबुळंही हलेनाशी झाली. डोकं मात्र पहिल्यासारखं लख्ख. अशा माणसांसाठीच वाचायंत्र आलं. कवटीच्या आत नखाएवढी जाळी बसवतात. माणूस मनात शब्द उच्चारतो तेव्हा मेंदूत उठणाऱ्या लहरी ती जाळी टिपते, संगणक त्यांची अक्षरं करतो, आणि उशाजवळचा छोटा स्पीकर ती बोलतो. वाचायंत्र बसवल्यावर निशिकांतचा पहिला शब्द होता, "पाठ." पाठ खाजत होती. अकरा महिने खाजत होती, आणि मला कळायला काही मार्गच नव्हता. म्हैसाळ रस्त्यावरच्या या शुश्रूषालयात मी त्या दिवशी त्याची पाठ खाजवत ढसाढसा रडले होते.

यंत्रापाठोपाठ कायदाही आला. श्वासयंत्रावर एक वर्ष झालं की अंतिम इच्छा मंडळाची प्रश्नावली होतेच, कुणी मागो वा न मागो. आठवड्यात दोनदा, खोलीत माणूस नसताना; त्या उत्तरांना साक्ष म्हणतात, आणि दोन साक्षी जुळल्या की होकार नोंदला जातो. प्रश्न यंत्रच विचारतं, साठ सेकंद थांबतं, पुढचा विचारतं. पूर्वी नातेवाईक रुग्णाच्या वतीने वाटेल ते सांगायचे. कुणी जमिनीसाठी लवकर मारायचं, कुणी पेन्शनसाठी लांबवायचं. म्हणून मंडळाने ठरवून टाकलं की माणसाने अर्थ लावायचा नाही. यंत्राने नोंदवलं तेच खरं. मलाही तेव्हा हे पटलं होतं. आपल्यावर वेळ येईपर्यंत सगळे कायदे पटतात.

मी मंगळवारचा कागद मागून घेतला. तो मला दाखवलाच नव्हता, कारण एका साक्षीला किंमत नसते. पहिली पाच उत्तरं तीच. पत्नीने शेजारी असावं असं वाटतं का? पंखा.

मंगळवारी पंखा, आज खिडकी.

दोन्ही कागद मांडीवर ठेवून मी बाकावर बसले होते, आणि मला एकदम जाणवलं, की याला उकडतंय! साधी गोष्ट होती. मार्च संपत आलेला, साक्षीसाठी खोली बंद केलेली. आणखी काही सांगायचं आहे का, असं यंत्राने विचारल्यावर हा माणूस दोन्ही वेळा सांगत होता की उकडतंय. ते सातव्या प्रश्नाचं उत्तर होतं. ते सहाव्यासमोर छापलं गेलं होतं.

मग सहाव्याचं पाचव्यासमोर गेलं असणार. पाचव्याचं चौथ्यासमोर, चौथ्याचं तिसऱ्यासमोर. म्हणजे तिसऱ्या प्रश्नासमोर जो "हो" दिसत होता, तो चौथ्याचा होता. आणि तिसऱ्याचं स्वतःचं उत्तर कागदावर कुठेच नव्हतं, कारण त्याने ते दिलंच नव्हतं. बाकीच्या प्रश्नांना तो हो म्हणालाच असता; तिसऱ्यालाच निशिकांत साठ सेकंद गप्प राहिला होता.

हे कसं झालं असेल हे शोधायला मला कुणाकडे जावं लागलं नाही. ते मीच केलं होतं.

संगणकाला आपल्यासारखं वाक्य दिसत नाही. त्याला दिसते अक्षरांची एक लांब दोरी. तिचे तुकडे केल्याशिवाय त्याला काही करता येत नाही, म्हणून मध्ये ठरलेली खूण असते, आणि खूण आली की कापायचं. वाचायंत्राच्या साक्षीत प्रत्येक प्रश्नानंतर एक उभी रेघ पडते. हे कापायचं काम करणारा एक छोटा प्रोग्राम मी एकोणीस वर्षांपूर्वी लिहिला होता. माझे आजोबा दुपारभर सुपारी कातरत बसायचे, म्हणून मी त्याला नाव दिलं अडकित्ता, आणि तुकड्याला खांड. कुणीही फुकट वापरावा म्हणून तो सगळ्यांसाठी खुला केला, आणि लोकांनी तो मिठासारखा सगळ्यात घातला. रेल्वेची आरक्षणं, बँकांचे निरोप, आणि कधीतरी वाचायंत्रही.

दोन रेघा लागोपाठ आल्या, मध्ये काहीच नसलं, तर जे उरतं ते रिकामं खांड. तेव्हा लोक टाइप करताना दोन-दोन स्पेस द्यायचे, त्यातून असली रिकामी खांडं निघायची आणि प्रोग्राम कोसळायचे. मी अडकित्त्याला सांगून ठेवलं, रिकामं खांड दिसलं की फेकून दे. पंगतीत एक पान रिकामं राहिलं की वाढपी म्हणतो, सरकून घ्या, आणि पुढचे सगळे एकेक पान अलीकडे येतात, तसंच. रिकामी खांडं ठेवायची सोयही मी केली होती, पण ती मागावी लागायची, आणि माहितीपत्रक वाचतो कोण? एका बाईने मला कळवलंही होतं की यामुळे तिच्या यादीतली नावं सरकतात. मी उत्तर दिलं होतं, "रिकाम्या खांडाचं करायचंय काय, लोणचं घालायचंय?" पुष्कळ लोकांना ते आवडलं होतं. मी तेव्हा एकतीस वर्षांची होते आणि स्वतःला फार हुशार समजत होते.

मी मुजावरांना सगळं समजावून सांगितलं. बाई हुशार, दोन वाक्यांत समजल्या.

"पण ताई, ते गप्प का राहिले? दमले असतील. विचार करत असतील. साठ सेकंद काही फार नसतात."

"दोन्ही वेळा तिसऱ्यालाच दमला? आणि चौथ्याला लगेच बोलला? डॉक्टर, सबनीसांच्या घरात नाही म्हणत नाहीत."

ते अक्षरशः खरं होतं. आपल्याकडे स्थळाला नकार द्यायचा तर बरेच जण पत्रिका जुळत नाही म्हणून कळवतात. सबनीस तेवढंही करत नसत. उत्तरच द्यायचं नाही. समोरच्याने समजून घ्यायचं. माझी पत्रिका गेली तेव्हा तीन आठवडे काही आलं नाही, आणि बाबांनी दुसरी स्थळं बघायला घेतली. मग एका रविवारी निशिकांत एकटाच मोटारसायकलवरून आला आणि दारातच म्हणाला, "घरच्यांनी उत्तर दिलं नाहीये. मी द्यायला आलोय. माझं हो आहे." लग्नानंतरही तेच. पोहे करू का? हो. उपमा करू का? गप्प. हा गप्प बसला की उपमा होत नसे. सुरुवातीला मी चिडायचे, तोंडात काय मिठाची गुळणी धरलीयस का म्हणून. नंतर सवय झाली. बावीस वर्षांत मी त्याच्या तोंडून "नाही" हा शब्द पाच-सहा वेळा ऐकला असेल.

"मला पटतंय," मुजावर म्हणाल्या. "पण माझ्या पटण्याला कायद्यात जागा नाही. मी हात वर केले तर सांगलीहून मंडळाचा डॉक्टर येईल. तो तुम्हाला ओळखतही नाही. मंडळाला फोन लावा. मी इथून काय करता येतं ते बघते."

मंडळाचा फोन एक वाजून वीस मिनिटांनी लागला. माणूस सभ्य होता, हेच वाईट. सगळं ऐकून म्हणाला, "मॅडम, आपण पत्नी आहात. आपण लावलेला अर्थ मला नोंदवताच येत नाही."

"मी पत्नी म्हणून बोलत नाहीये. अडकित्ता माझा आहे. दोष त्यात आहे."

"तांत्रिक तक्रार मी नोंदवून घेतो. मूळ नोंद सात कामकाजाच्या दिवसांत उघडली जाईल."

"अहो, चार वाजता माझा नवरा मारणार आहात तुम्ही!"

पलीकडे पानं उलटल्याचं ऐकू आलं. मग आवाज खाली आणून म्हणाला, "थांबवायला एकच कलम आहे. यंत्रातल्या एखाद्या भागाच्या कर्त्याने तो भाग सदोष म्हणून मागे घेतला, तर तो वापरणारी सगळी वाचायंत्रं त्याच क्षणी बंद होतात, आणि गेल्या नव्वद दिवसांतल्या साक्षी रद्द होतात. हे मी तुम्हाला सुचवत नाहीये. वाचून दाखवतोय."

"परत चालू कधी होतात?"

"नवा भाग तपासून मंजूर झाल्यावर. साधारण चार महिने."

"किती यंत्रं आहेत?"

"अकरा हजार दोनशे."

दुरुस्ती मी तिथेच बाकावर बसून केली. लॅपटॉप गुडघ्यावर, दहा मिनिटं लागली नाहीत. रिकामी खांडं फेकायची असं जिथे होतं, तिथे ठेवायची असं केलं. एका ओळीतला एक शब्द. पण ती दुरुस्ती पोचायला चार महिने, आणि माझ्याकडे दोन तास. अकरा हजार दोनशे माणसं पुन्हा भिंतीसारखी होणार होती. कुणाची पाठ खाजणार होती, कुणाला दुखणार होतं, आणि चार महिने कुणालाच कळणार नव्हतं.

या नव्वद दिवसांत, आणि त्याआधीही, किती जण तिसऱ्या प्रश्नाला गप्प बसले असतील आणि चौथ्याच्या "हो"ने गेले असतील, हा विचार माझ्या मनात आला. मी त्यांच्यासाठीच पुढचं केलं असं सांगितलं तर बरं दिसेल. पण मी तो विचार बाजूला सारला. मला फक्त निशिकांत हवा होता. बाकी जगाचं काय व्हायचं ते होवो.

तरी माझा हात उठेना, कारण अकरा हजार दोनशेंपैकी एक शेजारच्या खोलीत होता.

बाबासो खोत. एसटीचे ड्रायव्हर, चाळीस वर्षं रस्त्यावर काढलेले. मेंदूतल्या रक्तस्रावाने अंग गेलं आणि आता मूत्रपिंडंही जात चालली होती. महिना, दीड महिना, असं मुजावर म्हणाल्या होत्या. त्यांची बायको मालनताई रोज सकाळी डबा घेऊन यायची, डब्यातलं मला खायला लावायची आणि खुर्ची ओढून नवऱ्याचं ऐकत बसायची. "आयुष्यभर मानूस घरात नव्हतं बाई," ती मला म्हणाली होती. "आलं की जेवायचं आन झोपायचं. आत्ता कुठं बोलाय लागलंय." बाबासो तिला सगळं सांगत होते. कुठल्या घाटात गाडी बंद पडली, कुठल्या मुक्कामाला कुणी जेवायला घातलं. रोज थोडं थोडं. ती मध्ये एक शब्द बोलत नसे.

तीन वाजता मी त्यांच्या दारात जाऊन उभी राहिले. स्पीकरमधून बाबासोंचा सपाट आवाज येत होता. आंबोलीचा घाट, धुकं, गाडीत एक बाळंतीण.

"मालनताई, जरा बाहेर या."

"थांब की. लई म्हत्त्वाचं चाललंय."

"यंत्र बंद पडणार आहे. जे बोलायचंय, विचारायचंय, ते आत्ता बोलून घ्या."

तिने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. "कुनी सांगितलं?"

"मीच बंद करणार आहे."

मी तिला सांगितलं. अडकित्ता वगैरे काही नाही, फक्त एवढंच, की निशिकांतने होकार दिलेला नाही, तो मशीनने चुकून लिहिलाय, आणि थांबवायचं तर सगळीच यंत्रं बंद पडतात. चार महिने.

"चार म्हैने आमच्याकडं न्हाईत," ती म्हणाली.

"माहीत आहे मला."

"मग?"

मी लॅपटॉप छातीशी धरला. वाटलं, हिने ओरडावं, माझ्या हातातला लॅपटॉप हिसकावून घ्यावा, म्हणजे निर्णय माझ्या हातून तरी जाईल. तिने तसं केलं नाही. ती आत गेली, आणि तिने दार लावून घेतलं.

मी तिला वेळ देत बसले. साडेतीन झाले. मुजावर येऊन सांगून गेल्या की त्यांनी नकार कळवला म्हणून सांगलीचा डॉक्टर आलाय, सही करतोय. तीन पस्तीस. दारामागे सपाट आवाज चालूच होता. संपू दे, मी म्हणत होते, घाट उतरू दे, त्या बाळंतिणीला पोचवू दे. पण तो माणूस चाळीस वर्षांचं सांगत होता, आणि मी त्याला पंचेचाळीस मिनिटं दिली होती. तीन अठ्ठेचाळीसला निशिकांतच्या खोलीत पांढऱ्या हातमोज्यातला एक अनोळखी माणूस शिरताना दिसला, आणि मी अडकित्ता मागे घेण्याची कळ दाबली.

कारण लिहा, असं पडद्यावर आलं. मी लिहिलं, "चूक माझी आहे."

दारामागचा आवाज वाक्याच्या मध्येच थांबला.

नंतर पंधरा-वीस मिनिटं नुसती पळापळ. सांगलीच्या डॉक्टरच्या हातातलं यंत्र वाजलं, त्याने वाचलं, हातमोजे काढले आणि माझ्याकडे न बघता निघून गेला. मजल्यावरच्या परिचारिका एका खोलीतून दुसऱ्या खोलीत धावत होत्या. कुणाचे तरी नातेवाईक ओरडत होते. मुजावरांनी निशिकांतच्या वाचायंत्रावरचं सील फाडलं, कारण आता साक्षच नव्हती आणि सीलही नव्हतं. यंत्र अर्थातच मेलेलं होतं.

चार वाजून गेले. त्याची छाती श्वासयंत्राबरोबर वर होत होती, खाली होत होती. मी त्याचा हात दोन्ही हातांत धरला आणि इतकी रडले, की मुजावर बाहेर गेल्या. तो होता. मला दुसरं काही नको होतं.

मग डोळे पुसून मी खिडकी उघडली, पंखा लावला. आणि त्याच्या कानाशी वाकून म्हणाले, "निशी, तू नाहीच म्हणत होतास ना रे?"

तो गप्प होता.

मी वाट पाहिली. मला वाटत होतं, याचं गप्प बसणं मला कळतं. बावीस वर्षं त्याच्यावर घर चालवलं होतं. पण ते कळायचं, कारण त्याला बोलता येत असताना तो बोलायचा नाही. आता त्याला बोलताच येत नव्हतं. तो हो म्हणत असेल, तरी असाच दिसला असता. चिडला असेल, मला कशाला अडवलंस म्हणून शिव्या देत असेल, तरीही असाच. मी पुन्हा विचारलं. पुन्हा तेच. मला भीती वाटायला लागली.

दार ढकललं गेलं. मालनताई होती. डोक्यावरचा पदर खांद्यावर घसरलेला, डोळे कोरडे. ती आत आली आणि पलंगाच्या पलीकडे उभी राहून निशिकांतकडे बघत राहिली.

"ती बाळंतीन जगली का न्हाई, तेवढं सांगायचं ऱ्हायलं," ती म्हणाली.

"मालनताई..."

"माझं मानूस गप केलंस बाई. आता मला एवढं सांग, तुझं काय म्हनतंय?"

मी निशिकांतच्या तोंडाकडे पाहिलं. खिडकीतून आलेल्या वाऱ्याने त्याच्या कपाळावरचे केस हलत होते.

"मला माहीत नाही," मी म्हणाले.